एका वाटीची खिचडी

संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. ओट्यावर पाच लिटरचा कुकर असतो, कढई चार माणसांची असते आणि घरात माणूस एकच असतो. फ्रिज उघडला जातो, क्षणभर पाहून पुन्हा बंद होतो. ‘एकट्या जिवासाठी कुठे एवढा घाट घालायचा?’ असे मनाशीच म्हणत चहाचे आधण ठेवले जाते, डब्यातले दोन टोस्ट बशीत येतात आणि रात्रीचे जेवण उरकते. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला की ‘जेवलीस ना?’ या प्रश्नाला ‘हो तर!’ असे उत्तर जाते. तेही खोटे नसते, कारण काहीतरी पोटात गेलेले असतेच.

हे चित्र एकाच घरातले नाही. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्या आजी, ज्यांनी उभ्या आयुष्यात गॅस पेटवला नाही असे आजोबा, पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुले, रात्रपाळी संपवून खोलीवर परतणारी परिचारिका, बदलीच्या गावी एकटाच राहणारा बँकेतला कर्मचारी. या साऱ्यांच्या स्वयंपाकघरात थोड्याफार फरकाने हेच घडते. २०११च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. ती तेव्हापासून वाढतच आहे आणि त्याच काळात कुटुंबे लहान होत गेली आहेत. एकट्याचे जेवण हा म्हणूनच केवळ हळहळण्याचा विषय राहिलेला नाही. तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, आणि त्याचे निदान एक उत्तर तरी अगदी साधे आहे. वीस मिनिटांत होणारा, एका माणसापुरता, तिखटमिठाचा आणि हिरव्या पानांच्या वासाचा एक पदार्थ, हे ते उत्तर.

आधी नुकसान काय होते ते पाहावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे पन्नास किलो वजनाच्या आजींना दिवसाला साधारण ४० ग्रॅम. दुधाचा चहा आणि दोन टोस्ट यांतून मिळतात जेमतेम चार-पाच ग्रॅम. एखाद्या रात्री असे झाले तर काही बिघडत नाही. पण आठवड्यातल्या पाच रात्री तसे होऊ लागले, सकाळीही ‘कालचेच थोडे’ खाऊन भागवले, तर शरीर आपली गरज स्नायूंतून भागवते. वयाच्या तिशी-चाळिशीपासून स्नायू हळूहळू घटत जातातच. अपुऱ्या आहाराने ही घट वेग घेते. मग खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, जिन्यावर पाय थरथरतो आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरतो. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची कहाणी लोक त्या दिवसापासून सांगू लागतात. खरे तर ती कित्येक महिने आधी, रात्रीच्या बशीत सुरू झालेली असते.

वैद्यकशास्त्रात या खाण्याला ‘टी अँड टोस्ट’ आहार असेच नाव आहे. अशा आहारात प्रथिने आणि क्षार दोन्ही फार कमी आणि पाणी, चहा मात्र भरपूर असतो. त्यामुळे काही वृद्धांच्या रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. ग्लानी येते, बोलण्यात असंबद्धता येते, तोल जातो. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू असेल तर ही शक्यता आणखी वाढते. घरचे लोक ‘वय झाले’ म्हणून त्याकडे पाहतात. प्रत्यक्षात कारण वयात नसते, ताटात असते.

एकटा माणूस कमी का खातो, याचे उत्तर ‘कंटाळा’ या एका शब्दात देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. माणसे सोबतीने जेवताना जास्त आणि सावकाश खातात, एकट्याने जेवताना कमी खातात, हे आहार-मानसशास्त्राने वारंवार नोंदवले आहे. अमेरिकी संशोधक जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांना रोजच्या खाण्याच्या नोंदवह्या ठेवायला सांगून हा फरक मोजला होता. त्यात वयाची भर पडते. साठीनंतर अनेकांची वास घेण्याची क्षमता कमी होते, तोंडातली लाळ घटते, कवळी नीट बसत नाही आणि मधुमेह किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तोंडाची चव बदलते. वासच येईनासा झाला की अन्न मातीसारखे लागते. करोनाच्या साथीत ज्यांचा वास गेला होता, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

चव लागेना की माणूस दोनच गोष्टी करतो. एक तर खाणे कमी करतो किंवा मीठ वाढवतो. एकट्याच्या घरात लोणच्याची बरणी, पापड, फरसाण आणि नूडल्सची पाकिटे इतकी का असतात, याचे कारण इथे आहे. ती टिकतात, कष्ट नसतात आणि जिभेला झटकन काहीतरी जाणवते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाभरही नाही, अशी मर्यादा सांगितली आहे. भारतीयांच्या ताटात याहून बरेच जास्त मीठ असते. पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचण्याची एक सोपी रीत आहे. त्याला अडीचने गुणले की मिठाचा आकडा मिळतो. पाकिटावर १००० मिलिग्रॅम सोडियम लिहिले असेल, तर अडीच ग्रॅम मीठ पोटात गेले. दिवसाचा निम्मा कोटा तिथेच संपतो. सैंधव वापरल्याने यातून सुटका होत नाही, कारण सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

म्हणजे एकट्याच्या ताटापुढचा पेच असा : मीठ वाढवायचे नाही, खाणे तर वाढवायचे आहे आणि चव तर लागत नाही. इथे स्वयंपाकघरातल्या हिरव्या पानांचे आणि फोडणीचे विज्ञान कामाला येते.

ज्याला चव म्हटले जाते, त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्याच मूळ चवी कळतात. यातली उमामी ही चव जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये वेगळी ओळखली. कोथिंबिरीची कोथिंबीर असण्याची ओळख मात्र जिभेला होत नाही. घास चावताना पानातली सुगंधी द्रव्ये घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतात, तेव्हा ती पटते. नाक चिमटीत धरून कोथिंबीर चावून पाहावी, निव्वळ गवत लागते. चिमूट सोडली की क्षणात कोथिंबीर प्रकटते. ज्यांचे नाक वयाने मंदावले आहे, त्यांच्यासाठी वास जरा वाढवणे म्हणूनच शहाणपणाचे. चार काड्यांऐवजी मूठभर कोथिंबीर पडली, तर मीठ कमी असल्याचे फारसे जाणवत नाही.

त्यातही पुदिना, आले आणि मिरची यांचा मार्ग आणखी वेगळा आहे. पुदिन्यातला मेंथॉल शरीरातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतो, तर मिरचीतले कॅप्सेसिन उष्णता ओळखणाऱ्यांना. म्हणून पुदिना गार लागतो आणि मिरची जाळते. ही संवेदनाद्वारे उलगडल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१चे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत विभागून मिळाले. ही जाणीव वासाच्या चेतेवाटे जात नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या वेगळ्या चेतेवाटे ती मेंदूत पोहोचते. त्यामुळे ज्यांना वास कमी येतो, त्यांनाही ताकातला पुदिना किंवा आमटीतले आले बऱ्याचदा जाणवते. आंबटपणाही मदतीला येतो. लिंबाचे चार थेंब किंवा एखादे आमसूल घातले की त्याच मिठात पदार्थ अधिक खमंग लागतो.

फोडणीचा क्रमही उगाच ठरलेला नाही. पानांतली आणि मसाल्यांतली बहुतेक सुगंधी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. तेल तापले की मोहरी, ती तडतडली की हिंग, मग कढीपत्ता या क्रमाने वास तेलात उतरतो आणि तेलाबरोबर प्रत्येक घासात पोहोचतो. कोथिंबिरीचे वासद्रव्य मात्र नाजूक असते, उकळीबरोबर उडून जाते. म्हणून ती गॅस बंद केल्यावर वरून घालायची. लसणाची गोष्ट आणखी गमतीची आहे. अख्ख्या पाकळीला फारसा वास नसतो. ती ठेचली की आतले विकर आणि त्याचे खाद्य यांची गाठ पडते आणि ॲलिसिन तयार होते. उष्णतेने हे विकर निकामी होते. म्हणून लसूण ठेचून पाच-दहा मिनिटे तसाच ठेवावा आणि मग तेलात टाकावा. चमचाभर तेलाच्या फोडणीत हे सारे होते. त्यासाठी तेलाची धार धरण्याचे कारण नाही.

इथे एक सावधगिरीही हवी. या पानांभोवती चमत्कारांच्या कथा फार आहेत. कढीपत्त्याने केस काळे होतात, कोथिंबिरीच्या पाण्याने थायरॉइड बरा होतो, ओव्याच्या पाण्याने चरबी वितळते, असे निरोप सकाळच्या सुप्रभातासोबत फिरत असतात. कढीपत्त्यात कॅल्शियम भरपूर असते, हे पोषण-कोष्टकात खरेच आहे. पण कोष्टक शंभर ग्रॅमचे असते आणि फोडणीत पडतात दहा पाने, फार तर एक-दोन ग्रॅम. त्यातली निम्मी ताटाच्या कडेला काढून ठेवली जातात. चिमूटभर पानांचे काम औषधाचे नाही. ज्या माणसाला जेवावेसे वाटत नाही, त्याला जेवायला बसवणे हे त्यांचे काम, आणि ते लहान मानू नये.

पाने वाटीभर खाल्ली जातात, तेव्हा हिशेब बदलतो. मेथी, शेपू, राजगिरा, शेवग्याचा पाला या खऱ्या पालेभाज्या आहेत आणि त्यांतून फोलेट, लोह, कॅल्शियम, तंतू मिळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पालेभाजीतले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. सोबत लिंबू असेल तर ते अधिक शोषले जाते आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर कमी. खोलीवर राहणाऱ्या मुलीने मेथीच्या धिरड्यावर लिंबू पिळले आणि चहा तासाभराने घेतला, तर एक पैसाही जास्त खर्च न होता फरक पडतो. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनसारखी गोळी घेणाऱ्यांनी मात्र पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू नये, कारण त्यांतल्या ‘के’ जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम बदलतो. कमी सोडियमचे मीठ बाजारात मिळते, त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना ते घातक ठरू शकते. ही दोन्ही पावले डॉक्टरांना विचारूनच टाकायची. अगदी कमी खाणाऱ्या वृद्धाने स्वतःच्या मनाने मीठ तोडणेही तितकेच चुकीचे, हे वर आलेच आहे.

आता प्रत्यक्ष ओट्याकडे वळावे. एकट्याच्या स्वयंपाकात पहिली अडचण कुकरची असते. पाव वाटी तांदूळ पाच लिटरच्या कुकरच्या तळाला चिकटून बसतात. उपाय जुनाच आहे. कुकरात तळाला पाणी आणि त्यात लहान डबा. पाव वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, प्रत्येकी साधारण ४० ग्रॅम, धुऊन डब्यात घ्यावेत आणि त्यात दोन वाट्या पाणी, हळद, मीठ घालावे. कुकर होईपर्यंत पळीत चमचाभर तुपाची फोडणी करावी : जिरे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, हवी तर एक मिरची. ती शिजलेल्या खिचडीवर ओतावी आणि वरून कोथिंबीर घालावी. या एका वाडग्यात १२-१३ ग्रॅम प्रथिने असतात आणि सोबत वाटीभर दही घेतले तर सतराच्या आसपास. चहा-टोस्टच्या हे तिप्पट-चौपट होते. डाळ-तांदळाची जोडी एकमेकांच्या प्रथिनांतली उणीव भरून काढते, हा त्यातला आणखी एक लाभ.

कुकरही नको असेल तर पिठले आहे. चार चमचे बेसन पाण्यात गुठळ्या मोडून कालवावे. फोडणीत मोहरी, हिंग, भरपूर कढीपत्ता, लसूण आणि मिरची टाकून दीड वाटी पाणी उकळावे आणि त्यात कालवलेले पीठ ओतून ढवळत राहावे. झाकण ठेवून पाच मिनिटे वाफ दिली आणि कोथिंबीर घातली की झाले. त्यातून आठ-नऊ ग्रॅम प्रथिने मिळतात. भाकरी करायचा कंटाळा असेल तर कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून एक ज्वारीची भाकरी आणण्यात कमीपणा नाही. दात नसलेल्यांसाठी तांदळाची उकड आहे. आंबट ताकात पिठी कालवायची, लसूण, मिरची, कढीपत्त्याच्या फोडणीत घालून दाट होईपर्यंत घोटायची आणि वाढताना वरून कच्चे तेल घ्यायचे. उकडीत प्रथिने कमी, म्हणून सोबत वाटीभर दही किंवा दाण्याची मऊ चटणी हवी.

तवा हे एकट्याचे खरे भांडे आहे. भिजवलेल्या मूगडाळीचे किंवा बेसनाचे धिरडे, त्यात बारीक चिरलेला शेपू किंवा मेथी, चिमूटभर ओवा. शेपू न आवडणारी माणसे घरोघरी असतात, त्यांनी कांद्याची पात घ्यावी. कोथिंबीर काहींना साबणासारखी लागते, त्यामागे वास ओळखणाऱ्या जनुकांतला फरक असल्याचे दिसून आले आहे. तो नखरा समजून कोणाची थट्टा करू नये, पुदिना हाताशी आहेच. अंडे चालत असेल तर दोन अंड्यांची कांद्याची पात घातलेली भुर्जी पाच मिनिटांत होते आणि बारा ग्रॅम प्रथिने देते. खानदेशात कोवळ्या मेथीचा घोळाणा करतात : कच्ची पाने, कांदा, दाण्याचे कूट, थोडे तेल आणि मीठ. त्याला गॅसही लागत नाही. कच्ची खायची पाने मात्र भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुऊनच घ्यावीत.

दुसरी अडचण वाया जाण्याची. बाजारात जुडी मिळते ती चौघांच्या घराच्या हिशेबाने. एकट्याच्या फ्रिजमध्ये तिची तिसऱ्या दिवशी काळी लगदी होते आणि पुढच्या वेळी ती आणलीच जात नाही. कोथिंबीर निवडून, न धुता, कोरड्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवली तर आठवडाभर टिकते. उरलेली मिरची-आल्यासोबत वाटून बर्फाच्या साच्यात गोठवावी. एक खडा, एक आमटी. पुदिन्याच्या जाडसर काड्या पाण्याच्या पेल्यात ठेवल्या तर त्यांना मुळे फुटतात आणि खिडकीतल्या डब्यात त्या रुजतात. ओव्याच्या पानांची फांदीही तशीच लागते. ज्यांच्या घरी फक्त खिडकीचा कठडा आहे, त्यांनाही ही एवढी शेती जमते. शिवाय सकाळी उठून पाणी घालायला कोणीतरी आहे, ही गोष्ट एकट्या घरात क्षुल्लक नसते.

उरलेल्या अन्नाबाबत दोन नियम पक्के धरावेत. शिजलेल्या भातात बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू जिवंत राहू शकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढून विष तयार करतात आणि सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी ते विष नष्ट होत नाही. फोडणीचा भात जरूर करावा, पण आदल्या रात्रीचा भात दोन तासांच्या आत पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये गेलेला असावा. फ्रिज नसलेल्या खोलीत भात उरवूच नये. दुसरा नियम तेलातल्या लसणाचा. सोय म्हणून सोललेला कच्चा लसूण तेलात बुडवून बाटलीत आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवण्याची पद्धत पसरते आहे. हवा न पोहोचणाऱ्या त्या तेलात बोट्युलिझमचे जीवघेणे विष तयार होऊ शकते. ठेचा असो की लसणाचे तेल, थोडेसे करावे, फ्रिजमध्ये ठेवावे आणि दोन-चार दिवसांत संपवावे.

इथपर्यंतचे सारे ज्याचे त्याने करण्याजोगे आहे. पण सगळा भार एकट्यावरच टाकून मोकळे होणे बरोबर नाही. अनेक वसतिगृहांत आणि भाड्याच्या खोल्यांत स्वयंपाकाला सक्त मनाई असते. आगीची भीती समजण्यासारखी आहे, पण मजल्यावर एक सामाईक ओटा, दोन इंडक्शन शेगड्या आणि एक फ्रिज देणे अशक्य नाही. मनाई करून मुले उपाशी राहत नाहीत. ती वडापाव आणि नूडल्सवर राहतात. मेसच्या डब्यांत ‘अर्धा डबा’ मिळतो, तसा कमी तेला-मिठाचा, जास्त डाळीचा डबा मागितल्यास मिळायला हवा. दवाखान्यातही एक प्रश्न वाढवण्यासारखा आहे. रक्तदाब मोजला जातो, साखर तपासली जाते, वजन मात्र अनेकदा राहून जाते. ‘भूक लागते का?’ या प्रश्नाला ‘हो’ असेच उत्तर येते. ‘काल रात्री काय जेवलात?’ या प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागते. सहा महिन्यांत काहीही न करता वजन उतरत असेल, तर त्याला ‘बारीक झालात, छान’ म्हणू नये. त्याची तपासणी व्हायला हवी.

आणि पुरुषांच्या स्वयंपाकाचा विषय आता तरी गंभीरपणे घ्यायला हवा. बायको असताना पाण्याचा पेलाही हातात मिळालेला माणूस सत्तराव्या वर्षी विधुर होतो, तेव्हा दुःखासोबत त्याच्यापुढे उपासमारही उभी असते. डब्यावर अवलंबून राहणे किंवा मुलाच्या घरी जाणे एवढेच दोन पर्याय त्याला दिसतात. ज्याला वरण-भात लावता येतो, त्याच्यासाठी तिसरा पर्याय खुला असतो. हे कौशल्य सत्तरीत शिकता येते, पण सातवीत शिकवणे जास्त सोपे आहे. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींनी मिळून एका माणसापुरती खिचडी करून दाखवली, तर त्यात प्रमाणाचे गणित, उष्णतेचे शास्त्र आणि पोषणाचा धडा तिन्ही येतात.

हेही मान्य करायला हवे की एकट्याचा स्वयंपाक सगळ्यांना सारखाच परवडत नाही. सिलिंडरचा भाव एका माणसासाठी कमी होत नाही. हात थरथरणाऱ्या, दृष्टी अधू झालेल्या वृद्धांना फोडणी धोक्याचीही असते. त्यांच्यासाठी शेजाऱ्यांनी, सोसायट्यांनी, ज्येष्ठ नागरिक संघांनी पुढे यायला हवे. योग आणि हास्यक्लबसाठी माणसे सकाळी जमतात, तशी आठवड्यातून एका रात्री ज्याने त्याने आपापली एक वाटी घेऊन एका ओसरीवर किंवा गच्चीवर जमायला काय हरकत आहे? सोबतीने जेवल्यावर घास वाढतात, हे मोजलेले सत्य आहे. चार घरांतल्या चार वाट्या एकत्र आल्या की कोणाचे पिठले, कोणाची कढी, कोणाची मेथी असे ताट आपोआप भरते.

फोडणीचा वास दाराच्या फटीतून जिन्यात जातो. समोरच्या घरातली बाई विचारते, ‘काकू, आज काय केलंत?’ चहा-टोस्टच्या रात्री हा प्रश्न येत नाही. एकट्या घरात कोणीतरी दार वाजवून असे विचारावे, एवढ्यासाठी तरी आज संध्याकाळी पाव वाटी डाळ भिजत घालायला हवी.